काबूलचं ॲबी गेट, २६ ऑगस्ट २०२१: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काबूल विमानतळावरच्या स्फोटाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक त्या दोन-चार दिवसांतल्या बातम्यांपाशी थांबतं. त्यानंतर चौकशा झाल्या, सुरुवातीचे काही दावे मागे घ्यावे लागले, एक आरोपी पकडला गेला. त्या गर्दीतली जी माणसं वाचली, त्यांची फरफट मात्र चालूच राहिली. वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

त्या दिवशी नेमकं काय घडलं?

गुरुवार होता. काबूलच्या हमीद करझाई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या आग्नेय बाजूला ॲबी गेट नावाचं प्रवेशद्वार होतं. त्याच्या बाहेर, भिंतीला लागून सांडपाण्याचा उघडा नाला वाहत होता. नाल्याच्या एका काठावर अमेरिकी मरीन, म्हणजे तिथल्या मरीन दलाचे सैनिक, उभे होते. दुसऱ्या काठावर, आणि खुद्द नाल्यातल्या घाण पाण्यातही, अफगाण कुटुंबं दाटीवाटीनं उभी होती. कुणी पासपोर्ट उंच धरला होता, कुणी व्हिसाच्या ईमेलची छापील प्रत, तर कुणी कधीकाळी परदेशी तुकडीबरोबर दुभाषा म्हणून काम केल्याचं प्रशस्तिपत्र. मरीन कागद पाहायचे आणि ज्याचे कागद पटतील त्याला हात देऊन भिंतीवर ओढून घ्यायचे.

संध्याकाळी साडेपाच वाजून गेल्यावर त्या गर्दीत एका आत्मघाती हल्लेखोरानं स्वतःला उडवून दिलं. त्याच्याकडे सुमारे २० पौंड, म्हणजे साधारण नऊ किलो स्फोटकं होती आणि त्यात पोलादी छर्रे भरलेले होते. नाला अरुंद होता, एका बाजूला भिंत होती आणि माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. पळायला वाव नव्हता. एवढ्याशा स्फोटकांनी इतके जीव घेतले ते त्यामुळे.

काबूलमध्ये ‘इमर्जन्सी’ या इटालियन संस्थेचं युद्धजखमींसाठीचं रुग्णालय आहे. त्या संध्याकाळी काही तासांत तिथे सुमारे साठ जखमी आणले गेले. वझीर अकबर खान रुग्णालयातही हीच गत होती. रुग्णवाहिका पुरल्या नाहीत. लोकांनी हातगाड्यांवरून आणि खांद्यावरून माणसं नेली.

इतके लोक तिथे का जमले होते?

२९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. त्यात परदेशी सैन्य माघारी जाण्याचं ठरलं. अफगाण सरकार त्या करारात पक्षकारच नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये जो बायडेन यांनी माघारीची तारीख जाहीर केली, पुढे ती ३१ ऑगस्ट ठरली. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्यानं बगराम हा आपला सर्वांत मोठा तळ सोडला. १५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले आणि त्याच दिवशी तालिबान काबूलमध्ये शिरलं.

शेजारी देशांच्या सीमा गाठणं बहुतेकांना अशक्य होतं. बगराम हातचा गेलेला. त्यामुळे शहरातलाच एका धावपट्टीचा नागरी विमानतळ हीच बाहेर पडण्याची वाट उरली. १६ ऑगस्टला उडणाऱ्या सी-१७ विमानाला लटकलेली माणसं जगानं पाहिली. त्यानंतरच्या दहा दिवसांत विमानतळाचे दरवाजे एकामागून एक बंद होत गेले आणि गर्दी ॲबी गेटकडे सरकली. जवळच्या बॅरन हॉटेलात ब्रिटिशांचं कागदपत्रं तपासण्याचं केंद्र होतं. तिथल्या लोकांना आत येता यावं म्हणून हे गेट इतरांपेक्षा जास्त काळ उघडं ठेवलं गेलं.

हल्ला होणार असा इशारा आधीच दिला होता ना? मग लोक तिथून हलले का नाहीत?

इशारा होता आणि तो मोघम नव्हता. अमेरिकी दूतावासानं आदल्या रात्री आपल्या नागरिकांना ॲबी गेट, ईस्ट गेट आणि नॉर्थ गेट यांची नावं घेऊन तिथून ताबडतोब निघून जायला सांगितलं होतं. ब्रिटनचे मंत्री जेम्स हीपी यांनी २६ तारखेच्या सकाळीच हल्ल्याची माहिती अत्यंत विश्वासार्ह असल्याचं सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियानंही तसंच बजावलं.

हा प्रश्न विचारताना अनेकांच्या बोलण्यात नकळत एक ठपका येतो, की सांगूनही ऐकलं नाही. मला तो अन्यायाचा वाटतो. घरी परतायचं म्हणजे पुन्हा तालिबानच्या चौक्यांमधून जायचं, तेही खिशात परदेशी सैन्याबरोबर काम केल्याचा पुरावा घेऊन. पाच दिवसांनी शेवटचं विमान जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जागा सोडली तर रांगेतला नंबर जाणार, आणि तो पुन्हा मिळेल याची हमी कुणीच देत नव्हतं. काही कुटुंबं दोन-दोन रात्री नाल्याच्या काठावर काढत होती. एका बाजूला कदाचित येणारा हल्लेखोर आणि दुसऱ्या बाजूला नक्की दारात येणारे तालिबान, अशी ती निवड होती. शिवाय इशारे मुख्यतः परदेशी नागरिकांसाठी होते. अफगाणांना पर्यायी वाट कुणीच सांगितली नाही.

मृतांचा आकडा वेगवेगळा का दिसतो?

अमेरिकेचे १३ सैनिक मारले गेले: ११ मरीन, नौदलाचा एक वैद्यकीय सहायक आणि लष्कराचा एक जवान. त्यांतले पाच जण फक्त २० वर्षांचे होते, सर्वांत मोठा ३१ वर्षांचा. म्हणजे ११ सप्टेंबर २००१ ला यांतले कित्येक जण पाळण्यात होते. ४५ अमेरिकी सैनिक जखमी झाले. दोन ब्रिटिश नागरिक आणि एका ब्रिटिश नागरिकाचं मूलही दगावलं. हे आकडे पक्के आहेत.

अफगाण मृतांचा आकडा मात्र ‘सुमारे १७०’ असाच लिहिला जातो. तो आला तो त्या दिवसांत अफगाण आरोग्य अधिकाऱ्यांनी पत्रकारांना दिलेल्या माहितीवरून. जुनं सरकार पडून अकरा दिवस झाले होते, नवं अजून बसलेलं नव्हतं. कित्येक कुटुंबांनी मृतदेह रुग्णालयात न नेता थेट गावी नेले आणि दफन केले. काही जण इतर प्रांतांतून आले होते, त्यांना ओळखणारं काबूलमध्ये कुणी नव्हतं. जखमी होऊन आठवड्यांनंतर गेलेले या मोजणीत आले की नाही, हेही सांगता येत नाही.

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते ती हीच गोष्ट. तेरा सैनिकांची नावं, गावं, छायाचित्रं जगाला माहीत आहेत, आणि ती असायलाच हवीत. त्यांना अमेरिकी संसदेनं मरणोत्तर सुवर्णपदक दिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा समारंभ झाला. त्याच क्षणी, त्याच नाल्यात, त्यांच्यापासून काही फुटांवर गेलेल्या अफगाण बायका-पुरुष-मुलांची अधिकृत यादी ना तालिबाननं केली, ना अमेरिकेनं. ज्यांच्याकडे चौकशीची साधनं होती त्यांनी ती स्वतःच्या माणसांपुरती वापरली. पत्रकारांनी घरोघर जाऊन जी नावं गोळा केली, तेवढीच आज नोंदलेली आहेत.

स्फोट एक झाला की दोन?

एकच. पहिल्या दिवशी पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, बॅरन हॉटेलपाशी दुसरा स्फोट झाल्याचं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते विधान मागे घेतलं. जुन्या मराठी बातम्यांत अजून ‘दुहेरी स्फोट’ दिसतं, ते चूक आहे.

स्फोटानंतर सैनिकांनी गर्दीवर गोळीबार केला, हे खरं आहे का?

यावर आजही एकमत नाही. स्फोटानंतर काबूलमधले प्रत्यक्षदर्शी बीबीसीच्या वार्ताहराला सांगत होते, की बरेच लोक गोळ्यांनी मेले. पेंटागॉनचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांनी इशाऱ्याच्या काही फैरी झाडल्या, पण त्यांत कुणी मेलं नाही, असं तो म्हणतो. छर्ऱ्यांच्या जखमा गोळीच्या जखमांसारख्या दिसतात, हे त्याचं स्पष्टीकरण.

एप्रिल २०२४ मध्ये सीएनएननं एका मरीनच्या कॅमेऱ्यातलं चित्रण समोर आणलं. त्यात स्फोटानंतरच्या जवळजवळ चार मिनिटांत गोळीबाराचे किमान अकरा प्रसंग ऐकू येतात. अहवालात सांगितल्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहेत. जखमींवर उपचार करणाऱ्या अफगाण डॉक्टरांनीही गोळ्यांच्या जखमा पाहिल्याचं सांगितलं होतं. स्फोटाच्या धुरात, कान बधिर झालेल्या विशीतल्या पोरांना दुसरा हल्ला होतोय असं वाटणं मी समजू शकतो. पण नाल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसांचे जबाब न घेता काढलेला निष्कर्ष पूर्ण मानता येणार नाही.

हल्ला कुणी केला? तालिबान आणि आयसिस एकच नाहीत का?

हल्ल्याची जबाबदारी इस्लामिक स्टेटच्या, म्हणजे आयसिसच्या, खोरासान शाखेनं त्याच दिवशी घेतली. आपल्याकडे हे सगळं एकाच पोत्यात घातलं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

ही शाखा जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाली आणि पूर्व अफगाणिस्तानातल्या नंगरहार प्रांतात तिनं मूळ धरलं. पाकिस्तानी तालिबान आणि अफगाण तालिबान यांतून फुटलेले अनेक जण तिच्यात होते. तालिबानचं लक्ष्य अफगाणिस्तानातली सत्ता. खोरासानवाल्यांना देशांच्या सीमाच मान्य नाहीत, आणि अमेरिकेशी करार करणारं तालिबान त्यांच्या लेखी धर्मभ्रष्ट. दोघांमध्ये सुरुवातीपासून रक्तरंजित वैर आहे. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेनं नंगरहारच्या अचीन जिल्ह्यात आपला सर्वांत मोठा अण्वस्त्रेतर बॉम्ब टाकला, तो याच संघटनेच्या बोगद्यांवर.

या संघटनेनं शियापंथी हजारा समाजाच्या शाळा आणि मशिदी वर्षानुवर्षं लक्ष्य केल्या. मार्च २०२० मध्ये काबूलच्या शोर बाजारातल्या गुरुद्वारात २५ जणांचा जीव घेतला तोही यांनीच.

आता तालिबानची जबाबदारी. ॲबी गेटचा हल्ला त्यांनी घडवला नाही. पण बाहेरच्या चौक्या त्यांच्या होत्या, आणि काबूल घेताना त्यांनी तुरुंग सरसकट उघडले. बगराम आणि पुल-ए-चर्खीतून हजारो कैदी सुटले. त्यांत तालिबानचे होते तसे त्यांच्या वैऱ्यांचेही होते. हल्लेखोर याच सुटलेल्यांपैकी एक होता.

हल्लेखोर भारतात शिकत होता, ही बातमी खरी आहे का?

अमेरिकेनं हल्लेखोराचं नाव अब्दुल रहमान अल-लोगारी असं सांगितलं आहे. २०१८ मध्ये भारतीय वृत्तपत्रांत एक बातमी आली होती: दिल्लीत आत्मघाती हल्ल्याची तयारी करणारा एक अफगाण तरुण दीर्घ पाळतीनंतर सप्टेंबर २०१७ मध्ये पकडला गेला, अफगाणिस्तानात पाठवला गेला आणि बगरामच्या तुरुंगात ठेवला गेला. तो दिल्लीजवळच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून राहत होता, असं त्या बातम्यांत होतं. पुढे खोरासान शाखेनं आपल्या प्रचारपत्रात लिहिलं, की ॲबी गेटच्या हल्लेखोराला पूर्वी भारतात अटक झाली होती. भारतीय माध्यमांनी या दोन्ही गोष्टी जुळवल्या.

म्हणजे वृत्तांतांनुसार, भारतीय यंत्रणेनं जो हल्ला दिल्लीत होऊ दिला नाही त्याचा करणारा चार वर्षांनी काबूलमध्ये मोकळा सुटला. या एका माणसावरून इथे शिकणाऱ्या प्रत्येक अफगाण विद्यार्थ्याकडे संशयानं पाहणं मात्र चूक आहे. ॲबी गेटवर मेलेले बहुतेक अफगाणच होते.

हा हल्ला रोखता आला नसता का?

मार्च २०२३ मध्ये स्फोटात हात आणि पाय गमावलेल्या एका मरीननं अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. आपल्या स्नायपर पथकाला वर्णनाशी जुळणारा माणूस गर्दीत दिसला होता, गोळी झाडायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही, असं तो म्हणाला. ती साक्ष ऐकवत नाही. त्यानंतर पेंटागॉननं पुन्हा पन्नासहून अधिक जणांशी बोलून तपास केला. पथकाला दिसलेला माणूस हल्लेखोर नव्हता, हल्लेखोर एकटाच होता आणि तो स्फोटाच्या थोडंच आधी तिथे पोचला, असा निष्कर्ष एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला. जागेवरच्या तुकडीला हल्ला टाळता आला नसता, हे पहिल्या अहवालातलं मत त्यांनी कायम ठेवलं.

जागेवरच्या तुकडीपुरतं ते बरोबर असेलही. झडतीसाठी माणसाला हात लावावाच लागतो, आणि हजारोंच्या गर्दीत तो हात विशीतल्या मरीनचा होता. पण खरे प्रश्न त्या संध्याकाळच्या आधीचे आहेत. सुरक्षित अंतर राखता येईल असा बगरामचा तळ नागरिक बाहेर काढण्याआधी का सोडला? दुभाषांचे व्हिसा अर्ज वर्षानुवर्षं का पडून राहिले? आणि विमानतळाबाहेरची सुरक्षा वीस वर्षं ज्यांच्याशी लढलो त्यांच्याच भरवशावर का सोपवावी लागली? बाहेरच्या पहाऱ्यावर तालिबानच्या ‘बद्री ३१३’ पथकाचे लोक होते. पेंटागॉनच्या चौकशीचा चौकोन लहान होता, म्हणून उत्तरही लहान आलं.

स्फोटानंतर अमेरिकेनं काय केलं?

त्या रात्री बायडेन म्हणाले, आम्ही माफ करणार नाही, विसरणार नाही, तुम्हाला शोधून काढू. दुसऱ्या दिवशी नंगरहारमध्ये ड्रोन हल्ला झाला, त्यात खोरासान शाखेचे लोक मारल्याचं सांगितलं गेलं.

२९ ऑगस्टला काबूलच्या एका वस्तीत घराच्या अंगणात शिरणाऱ्या पांढऱ्या मोटारीवर ड्रोननं क्षेपणास्त्र सोडलं. मोटारीत विमानतळावर फुटणारी स्फोटकं होती, असा दावा झाला. अमेरिकी सैन्याचे सर्वोच्च अधिकारी जनरल मिली यांनी या हल्ल्याला न्याय्य म्हटलं. पत्रकारांनी तो सारा दिवस मिनिटामिनिटानं उलगडला, तेव्हा वेगळंच निघालं. मोटार चालवणारा माणूस अमेरिकेतल्याच एका अन्नसाहाय्य संस्थेचा जुना कर्मचारी होता. दिवसभर त्यानं सहकाऱ्यांची ने-आण केली होती आणि घरी पाणी येत नसल्यामुळे कार्यालयातून पाण्याचे कॅन भरून आणले होते. ड्रोनच्या पडद्यावर तेच स्फोटकांसारखे दिसले. मोटार अंगणात शिरताच घरातली मुलं त्याच्याकडे धावली. एकाच कुटुंबातले दहा जण गेले. त्यांत सात मुलं होती.

१७ सप्टेंबरला अमेरिकी सैन्याच्या सेंट्रल कमांडचे तेव्हाचे प्रमुख जनरल मॅकेन्झी यांनी ही दुःखद चूक असल्याची कबुली दिली आणि मरण पावलेल्यांचा दहशतवाद्यांशी संबंध असण्याची शक्यता कमी असल्याचं मान्य केलं. भरपाईचं आश्वासन दिलं गेलं. डिसेंबरमध्ये जाहीर झालं, की कुणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. पत्रकारांनी पाठपुरावा केला नसता, तर हे दहा जण कायमचे ‘दहशतवादी’ म्हणून नोंदले गेले असते.

हल्ल्यामागच्या कुणाला शिक्षा झाली का?

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेनं सांगितलं, की हल्ल्याचा सूत्रधार तालिबानच्या कारवाईत मारला गेला. खोरासान शाखेचा प्रमुख सनाउल्ला गफारी याच्यावर आणि या हल्ल्याच्या सूत्रधारांच्या माहितीवर प्रत्येकी एक कोटी डॉलरपर्यंतचं इनाम फेब्रुवारी २०२२ मध्येच लावलं होतं.

मार्च २०२५ मध्ये मोहम्मद शरीफुल्ला नावाच्या आरोपीला पाकिस्ताननं पकडून अमेरिकेच्या हवाली केलं. डोनाल्ड ट्रम्प यांनी संसदेतल्या भाषणात ते जाहीर केलं. हल्लेखोरासाठी विमानतळाच्या रस्त्याची टेहळणी केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला आणि व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयात खटला दाखल झाला. त्याला ‘सूत्रधार’ म्हणणाऱ्या मथळ्यांपासून सावध राहावं. आरोपपत्रातली त्याची भूमिका वाट दाखवण्याची आहे.

त्या दिवसांत भारतीयांना कसं बाहेर काढलं? महाराष्ट्राशी काही संबंध होता का?

भारतानं राजदूत रुद्रेंद्र टंडन यांच्यासह दूतावासाचे कर्मचारी आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे) जवान १७ ऑगस्टला हवाई दलाच्या सी-१७ विमानातून जामनगरला आणले. पुढच्या मोहिमेला ‘ऑपरेशन देवी शक्ती’ नाव दिलं गेलं. काबूल आणि ताजिकिस्तानातलं दुशांबे अशा दोन ठिकाणांहून विमानं आली. २७ ऑगस्टपर्यंत साडेपाचशेहून अधिक लोक परतले होते, त्यांत २६० हून अधिक भारतीय. अफगाण शीख बांधव गुरू ग्रंथ साहिबच्या तीन प्रती सोबत घेऊन आले.

महाराष्ट्राचा धागा पुण्याचा आहे. अफगाणिस्तानातून भारतात शिकायला येणाऱ्यांचं पुणे हे फार वर्षांपासून आवडतं शहर. त्या ऑगस्टमध्ये इथल्या खोल्यांत मुलं रात्रभर फोन लावत होती, घरून पैसे येणं बंद झालं होतं. बँकाच बंद होत्या. उलट बाजूनं, करोनाकाळात घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. २५ ऑगस्टला भारतानं अफगाणांना आधी दिलेले व्हिसा अवैध ठरवले आणि फक्त नव्या ई-व्हिसावर प्रवास करता येईल असं जाहीर केलं. सुरक्षेचं कारण समजण्यासारखं होतं. पण प्रवेश घेऊन, शुल्क भरून बसलेल्या मुलांचं वर्ष, आणि मुलींच्या बाबतीत सगळं शिक्षणच, त्यामुळे हातचं गेलं.

जे विमानात चढू शकले नाहीत, त्यांचं पुढे काय झालं?

अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या मोहिमेत सुमारे १,२४,००० लोक बाहेर पडले, ब्रिटिशांच्या स्वतःच्या मोहिमेत सुमारे १५,०००. शेवटचं अमेरिकी विमान ३० ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या आत उडालं. गर्दीत आईबापांपासून ताटातूट झालेली किंवा पोरकी झालेली हजाराहून अधिक मुलं एकटीच अमेरिकेत पोचली.

मागे राहिलेल्यांपैकी अनेक जण पाकिस्तानात गेले आणि व्हिसाची वाट पाहू लागले. ऑक्टोबर २०२३ पासून पाकिस्ताननं कागद नसलेल्या अफगाणांना मोठ्या प्रमाणावर परत पाठवायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये तर आणखी भयंकर झालं. आश्रयासाठी अर्ज केलेल्या जवळपास १९,००० अफगाणांची माहिती फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्यातून एका ईमेलबरोबर बाहेर गेली. ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्या हाती यादी पडण्याचा धोका होता. न्यायालयाच्या मनाई आदेशामुळे ही बातमी जुलै २०२५ पर्यंत दडलेली राहिली. ज्यांची नावं त्या यादीत होती, त्यांतल्या अनेकांनाही ते तेव्हाच कळलं.

अमेरिकेनं २०२५ च्या जुलैमध्ये आपल्याकडच्या अफगाणांना परत न पाठवण्याचं तात्पुरतं संरक्षण संपवलं. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये एका अफगाण निर्वासितानं नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर अफगाणांच्या स्थलांतराच्या अर्जांवरचं कामच थांबवलं गेलं. यांत असे अर्जदारही आहेत, ज्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळाबाहेर हेच कागद मरीनना दाखवले होते.